उजेडाचा हिशेब

जुन्या काळच्या घरांत माजघर ही बहुधा सर्वांत अंधारी खोली असे. पुढे ओटीवर उजेड, मागे परसात उजेड. परंतु मधल्या माजघरात भर दुपारीही डोळे सरावल्यावाचून काही दिसत नसे. तांदूळ निवडावयाचे असले म्हणजे घरातील आजी सूप उचलून दाराच्या उंबऱ्यापाशी येऊन बसे. सुईत दोरा ओवावयाचा असो की पोथी वाचावयाची असो, रीत हीच. जेथे उजेड असेल तेथे काम न्यावयाचे. रात्री समई किंवा कंदील लागे, तोही जेथे माणसे बसत तेथेच. तेल विकत आणावे लागे आणि ते डोळ्यांदेखत आटत असे. त्यामुळे उजेडाचा हिशेब कोणाला मुद्दाम शिकवावा लागत नसे.

आज आपण बटण दाबतो आणि खोली उजळून निघते. आता कामाला उजेडापाशी जावे लागत नाही. उजेडच कामापाशी येतो. ही सोय फार मोठी आहे, यात शंका नाही. परंतु वीज ही तेलासारखी डोळ्यांपुढे आटत नाही. ओसाड खोलीत दिवा जळत राहिला, तरी तो काय खातो आहे, हे दिसत नाही. म्हणून पूर्वी जो हिशेब आपोआप होत असे, तो आता समजून उमजून करावा लागतो. तो कसा करतात, हे आपण या पाठात पाहू.

समजा, तुम्हांला कोणी दोन शाळा दाखविल्या आणि विचारले, “यांपैकी कोणत्या शाळेतील दिव्यांची व्यवस्था अधिक चांगली?” तुम्ही काय सांगाल? एखादा म्हणेल, “जिचे विजेचे बिल कमी, ती शाळा चांगली.” दुसरा म्हणेल, “जेथे लखलखाट आहे, ती चांगली.” थोडा विचार केला तर दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, हे ध्यानात येईल. नुसते बिलच पाहावयाचे तर ज्या शाळेत एकही दिवा नाही, ती सर्वांत चांगली ठरेल! आणि नुसता लखलखाटच पाहावयाचा तर लग्नाचा मांडव ही सर्वांत उत्तम शाळा होईल! खरा प्रश्न निराळाच आहे. जी वीज खर्च झाली, तिच्यापासून मुलांच्या वहीवर किती उजेड पडला आणि तेवढा उजेड त्यांना पुरेसा आहे काय, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न शेतकऱ्याला चटकन समजेल. विहिरीवर मोट चालते. ती चालविण्यासाठी बैल कष्टतात. तो झाला खर्च. मोटेतून पाणी निघते. ती झाली कमाई. परंतु विहिरीतून निघालेले सारे पाणी पिकाला मिळते असे नाही. काही पाटात झिरपते, काही फुटलेल्या बांधातून भलतीकडे जाते. उरलेले तेवढे पिकाच्या मुळाशी पोहोचते. पिकाला पाणी मिळाल्यावरही मोट चालूच ठेवली, तर बैलही थकतात आणि पीकही कुजते. म्हणून शहाणा शेतकरी चार गोष्टी पाहतो. मोट कशी आहे? पाट कसा आहे? पिकापाशी पाणी किती आले? आणि मोट किती वेळ चालविली? उजेडाच्या हिशेबातही याच चार गोष्टी पाहावयाच्या असतात. दिवा ही मोट, खोली हा पाट आणि आपली वही हे पीक.

प्रथम मोटेकडे, म्हणजे दिव्याकडे वळू. दिव्यावर ४० वॅट, ६० वॅट असे आकडे छापलेले असतात. पुष्कळांची अशी समजूत असते की, वॅट हे उजेडाचे माप आहे. ही समजूत चुकीची आहे. वॅट हे खर्चाचे माप आहे. दिवा किती वेगाने वीज खातो, ते वॅटवरून कळते. दिव्यातून बाहेर पडणाऱ्या उजेडाचे माप ल्यूमेन हे आहे. एका साध्या मेणबत्तीपासून सुमारे १२ ल्यूमेन उजेड मिळतो, एवढे लक्षात ठेवले म्हणजे या मापाचा अंदाज येईल. एका वॅटमागे दिवा किती ल्यूमेन देतो, ती त्या दिव्याची कार्यक्षमता होय.

या कसोटीवर निरनिराळे दिवे घासून पाहू. इ. स. १८७९ मध्ये एडिसनने कार्बनच्या तंतूचा टिकाऊ दिवा तयार केला. पुढे कार्बनऐवजी टंगस्टन धातूचा तंतू आला. हा तंतू विजेने तापून पांढरा होतो आणि त्यामुळे उजेड पडतो. परंतु तापलेल्या तंतूतून उजेडापेक्षा उष्णताच कितीतरी अधिक बाहेर पडते. ६० वॅटच्या अशा दिव्यातून सुमारे ७०० ल्यूमेन उजेड मिळतो. म्हणजे एका वॅटमागे जेमतेम १२ ल्यूमेन. शंभर रुपयांची वीज घ्यावी आणि नव्वदांहून अधिक रुपयांची खोली तापविण्यात जावी, असा हा व्यवहार आहे.

इ. स. १९३८ च्या सुमारास नळीचे दिवे बाजारात आले. यांत तंतू तापवून उजेड काढावयाचा नसतो. नळीतील पाऱ्याच्या वाफेतून वीज वाहते, तिच्यापासून डोळ्यांना न दिसणारे किरण निघतात आणि नळीच्या आतील बाजूस दिलेला लेप त्या किरणांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. ४० वॅटची जुन्या धाटणीची नळी सुमारे २४०० ल्यूमेन उजेड देते. येथे मात्र एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. नळीसोबत जो जड चोक बसविलेला असतो, तोही सुमारे १२ वॅट वीज खातो. नळीवर ते लिहिलेले नसते. परंतु मीटरवर ते उमटतेच. म्हणून खर्च ४० वॅट न धरता ५२ वॅट धरला पाहिजे. तसा धरला म्हणजे एका वॅटमागे सुमारे ४६ ल्यूमेन पडतात.

त्यानंतर आले एलईडी दिवे. यांत अर्धवाहक पदार्थाच्या लहानशा तुकड्यातून वीज वाहू लागली की त्यातून थेट प्रकाश निघतो. तांबड्या आणि हिरव्या रंगांचे असे दिवे पूर्वीच तयार झाले होते. निळा मात्र कित्येक वर्षे साधत नव्हता आणि निळ्यावाचून पांढरा उजेड मिळणे शक्य नव्हते. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांनी चिकाटीने हे काम तडीस नेले. त्याबद्दल त्यांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. २० वॅटचा एलईडी नळीदिवा सुमारे २००० ल्यूमेन देतो. म्हणजे एका वॅटमागे १०० ल्यूमेन. आपल्या देशात जानेवारी २०१५ मध्ये ‘उजाला’ ही योजना सुरू झाली आणि तिच्याद्वारे ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे लोकांच्या घरी पोहोचले.

तर मग हिशेब संपला काय? जुने दिवे काढावेत, नवे बसवावेत आणि काम झाले असे समजावे काय? नाही. आतापर्यंत आपण फक्त मोट पाहिली. पाट अजून पाहावयाचा आहे.

दिव्यातून निघालेला उजेड चारी दिशांना पसरतो. त्यातील काही सरळ बाकावर येतो. काही भिंतीवर आणि छतावर आदळतो. भिंतीला पांढरा चुना दिलेला असेल, तर ती आपल्यावर पडलेल्या उजेडापैकी बराच भाग परत खोलीत टाकते. भिंत काळवंडलेली किंवा गडद रंगाची असेल, तर ती तो उजेड गिळून टाकते. दिव्यावर धूळ बसली असेल, तर काही उजेड तेथेच अडतो. दिवा फार उंच टांगला असेल, तर त्याचा उजेड वाटेत पसरून विरळ होतो. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले, तर वहीवर पडणारा उजेड निम्मा होत नाही, तो चौथा हिस्साच उरतो. समईजवळ वही धरून पाहा आणि मग हळूहळू दूर न्या, म्हणजे ही गोष्ट सहज प्रत्ययास येईल.

वहीपर्यंत जो उजेड पोहोचतो, त्याचे माप लक्स हे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक ल्यूमेन उजेड पडला, तर त्या जागेवर एक लक्स उजेड आहे असे म्हणतात. उन्हाळ्यातील दुपारी उघड्या मैदानावर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सही नसतो. आपला डोळा या दोन्ही टोकांशी जुळवून घेतो, हे त्याचे मोठेपण. परंतु म्हणूनच उजेड मोजण्याच्या कामी त्याच्यावर विसंबून चालत नाही. अंधुक खोलीत बसलेल्या मुलाला काही वेळाने तेथील उजेड पुरेसाच वाटू लागतो. मात्र बारीक अक्षर वाचताना तो वही डोळ्यांजवळ ओढतो, त्याचे कपाळ दुखू लागते, फळ्यावरील आकडा चुकीचा उतरतो आणि बोलणी मात्र त्यालाच बसतात. वर्गात बाकावर साधारणपणे ३०० लक्स उजेड असावा, असे मानतात.

हा उजेड मोजण्यासाठी प्रकाशमापक नावाचे एक लहानसे यंत्र मिळते. ते वापरण्याचीही एक रीत आहे. खोलीची जमीन खडूने सारख्या चौकोनांत विभागतात आणि प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर, बाकाच्या उंचीवर, यंत्र धरून आकडा टिपून घेतात. मोजणाराची सावली यंत्रावर पडणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. दिव्यांचा उजेड मोजावयाचा तर अंधार पडल्यावर मोजतात; नाहीतर खिडकीतून आलेला उजेड दिव्यांच्या खात्यावर जमा होईल. सर्व आकड्यांची सरासरी काढतात, तसाच सर्वांत लहान आकडाही पाहतात. कारण सरासरी चांगली असूनही कोपऱ्यातला एखादा बाक अंधारात असू शकतो. त्या बाकावरील मुलाला सरासरीचा काय उपयोग?

आता आपण एका वर्गाचा हिशेब प्रत्यक्ष करून पाहू. पाटी-पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक पायरी स्वतः पडताळून पाहा. हा वर्ग आपण कल्पनेतला घेऊ, परंतु असे वर्ग तुम्ही पुष्कळ पाहिले असतील.

वर्ग ८ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे. म्हणजे त्याचे क्षेत्रफळ ४८ चौरस मीटर झाले. त्यात जुन्या धाटणीच्या ८ नळ्या आहेत. प्रत्येकीचा खर्च चोकसह ५२ वॅट. सर्वांचा मिळून ४१६ वॅट. प्रत्येकीचा उजेड २४०० ल्यूमेन; सर्वांचा मिळून १९,२०० ल्यूमेन. भिंतींचे पोपडे निघालेले आहेत आणि रंग काळवंडला आहे. अशा खोलीत दिव्यांतून निघालेल्या १०० भागांपैकी ५० भागच बाकांच्या उंचीपर्यंत येतात, असे धरू. नळ्यांवर साचलेली धूळ त्यांतील आणखी १५ भाग अडविते. उरले ३५. म्हणजे १९,२०० पैकी ६,७२० ल्यूमेन बाकांवर पोहोचले. त्यांना ४८ ने भागले की १४० लक्स येतात. हवेत ३००, मिळाले १४०. निम्मेही नाहीत!

पहिला उपाय असा की, दिव्यांना हात न लावता नळ्या पुसाव्यात आणि भिंतींना व छताला पांढरा रंग द्यावा. आता १०० पैकी ६० भाग बाकांवर येतात आणि धुळीने त्यांतील १२ भागच अडतात, असे धरू. उरले ४८. तेव्हा १९,२०० पैकी ९,२१६ ल्यूमेन बाकांवर आले. म्हणजे १९२ लक्स झाले. विजेचा खर्च एका वॅटनेही वाढला नाही आणि उजेड मात्र एकतृतीयांशाहून अधिक वाढला. फडके आणि चुना यांची ही किमया! पाट नीट केला, म्हणजे तीच मोट अधिक पीक भिजविते.

दुसरा उपाय म्हणून त्या ८ नळ्या काढून त्यांच्या जागी २० वॅटचे ८ एलईडी दिवे बसविले. खर्च ४१६ वरून एकदम १६० वॅटवर आला. व्यवस्थापक आनंदित झाले, बिल उतरले. परंतु उजेडाचे काय? एकूण ल्यूमेन झाले १६,०००. त्यांचे ४८ टक्के म्हणजे ७,६८०. आणि बाकावर १६० लक्स. नळ्या पुसून मिळालेल्या १९२ लक्सांपेक्षाही हा उजेड कमी झाला. बिलाचा कागद पाहणाऱ्याला ही व्यवस्था उत्तम वाटेल. शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला ती तशी वाटणार नाही.

मग काय करावे? उलट बाजूने हिशेब मांडावा. बाकावर ३०० लक्स हवेत आणि जागा ४८ चौरस मीटर आहे. म्हणजे १४,४०० ल्यूमेन बाकांपर्यंत आले पाहिजेत. दिव्यांतील १०० पैकी ४८ भाग तेथवर येतात. तेव्हा दिव्यांतून ३०,००० ल्यूमेन निघाले पाहिजेत. एक दिवा २,००० ल्यूमेन देतो. म्हणून असे १५ दिवे लागतील. त्यांचा खर्च ३०० वॅट. पूर्वीच्या ४१६ वॅटपेक्षा हा खर्च ११६ वॅटने कमी आहे आणि उजेड दुपटीहून अधिक आहे.

आता एक गंमत पाहा. प्रत्येक वॅटमागे बाकावर किती ल्यूमेन पडले, ते काढू. जुन्या व्यवस्थेत ६,७२० भागिले ४१६, म्हणजे सुमारे १६. आठ एलईडी दिव्यांच्या व्यवस्थेत ७,६८० भागिले १६०, म्हणजे ४८. पंधरा दिव्यांच्या व्यवस्थेत १४,४०० भागिले ३००, म्हणजेही ४८. शेवटच्या दोन्ही व्यवस्थांची कार्यक्षमता अगदी सारखी आहे. तरी एकीत मुलांना नीट वाचता येते, दुसरीत येत नाही. यावरून असे दिसते की, केवळ कार्यक्षमता पुरेशी नाही. उजेड पुरेसा आहे काय, हे आधी विचारावे आणि तो किती कमी विजेत मिळतो, हे मग विचारावे. हा क्रम उलटला की काटकसर ही काटकसर राहत नाही. तिचे उणेपण कोणाच्या तरी डोळ्यांना भरून काढावे लागते.

चौथी गोष्ट राहिली, ती म्हणजे वेळ. दिवा किती वॅटचा आहे, केवळ यावरच बिल ठरत नाही. तो किती वेळ जळला, यावरही ते ठरते. १००० वॅटचा दिवा एक तास जळला की एक युनिट वीज खर्च होते. आपल्या वर्गातील जुन्या नळ्या दिवसाला ५ तास जळत असतील, तर रोज २.०८ युनिटे आणि शाळेच्या २०० दिवसांत ४१६ युनिटे खर्च होतात.

परंतु शाळा तर दिवसा भरते! खिडकीतून फुकट येणाऱ्या उजेडाला आपण हिशेबात घेतलेच नाही. साधारणपणे खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासून जेवढी उंची असेल, तिच्या दीडपट ते दुप्पट अंतरापर्यंत दिवसाचा उजेड खोलीत कामापुरता पोहोचतो. म्हणजे खिडकीकडील बाकांना बहुतेक दिवस दिव्याची गरजच नसते. गरज असते ती आतल्या बाकांना. तरीही पुष्कळ ठिकाणी एकच बटण दाबले की खिडकीजवळचा आणि भिंतीजवळचा असे दोन्ही दिवे एकदम लागतात. आतल्या मुलासाठी दिवा लावावा, तर सूर्यप्रकाशात बसलेल्या मुलाच्या डोक्यावरही तो जळू लागतो. यावर तोड साधी आहे. दिव्यांच्या रांगा खिडक्यांना समांतर असाव्यात आणि प्रत्येक रांगेला स्वतंत्र बटण असावे.

आपले १५ दिवे अशा तीन रांगांत लावू; प्रत्येक रांगेत ५ दिवे, म्हणजे १०० वॅट. आतल्या दोन रांगा रोज ५ तास लागल्या, तर एक युनिट खर्च झाले. खिडकीजवळची रांग ढगाळ वेळी सरासरी एक तास लागली, तर एकदशांश युनिट. दिवसाला १.१ युनिट आणि २०० दिवसांत २२० युनिटे. कोठे ४१६ आणि कोठे २२०! एका वर्गामागे १९६ युनिटे वाचली आणि तीही उजेड दुपटीहून अधिक वाढवून. आपल्या देशातील विजेचा मोठा भाग कोळसा जाळून तयार होतो आणि अशा एका युनिटासाठी अर्ध्या किलोहून अधिक कोळसा लागतो. तेव्हा एका वर्गाने वाचविलेल्या विजेचा अर्थ एखाद्या खाणीतून सुमारे शंभर किलो कोळसा कमी काढावा लागला, असा होतो.

वर्गाच्या हिशेबाची जी रीत, तीच मोठ्या इमारतींच्या हिशेबाचीही. मोठ्या इमारतींसाठी भारत सरकारने २००७ साली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता प्रसिद्ध केली. दर चौरस मीटर जागेमागे दिव्यांचे किती वॅट असावेत, याची मर्यादा तीत घालून दिली होती. कचेऱ्यांसाठी ती मर्यादा सुमारे ११ वॅट होती. ही मर्यादा पाळूनही उत्तम उजेड मिळविता येतो काय, याचे उत्तर नवी दिल्लीतील इंदिरा पर्यावरण भवन या इमारतीने दिले. पर्यावरण मंत्रालयाच्या या इमारतीचे उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१४ रोजी झाले. तेथे दर चौरस मीटरमागे दिव्यांचा खर्च ५ वॅट इतकाच, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी, ठेवण्यात आला.

हे कसे साधले? केवळ नवे दिवे बसवून नव्हे. इमारत बांधतानाच तिच्या मध्यभागी मोठा मोकळा चौक ठेवण्यात आला. त्यामुळे खोल्यांना एका बाजूने रस्त्याकडचा आणि दुसऱ्या बाजूने चौकातला उजेड मिळतो. इमारतीच्या सुमारे ७५ टक्के जागेत दिवसाचा प्रकाश पोहोचेल, अशी ही रचना आहे. छतावर ९३० किलोवॅट क्षमतेची सौर तावदाने बसविलेली आहेत. आधी सूर्याचा उजेड, मग कमी खाणारे दिवे आणि त्यानंतर त्या दिव्यांसाठी सूर्यापासूनच वीज, असा हा क्रम आहे. आपल्याकडील जुन्या वाड्यांत मध्ये चौक असे आणि भोवतालच्या सोप्यांत त्यातून उजेड येई. ज्या वाड्याला चौक नसे, त्याचे माजघर अंधारात राही. दिल्लीच्या त्या भव्य इमारतीने ही आपली ओळखीचीच युक्ती नव्या शास्त्राच्या जोडीने वापरली आहे.

शेवटी एका धोक्याची सूचना दिली पाहिजे. नवे दिवे फार थोडी वीज खातात, म्हणून मनुष्य निष्काळजी होतो. “एवढ्याशा दिव्याने काय होणार?” असे म्हणून तो जिन्यात, अंगणात, रिकाम्या दालनांत रात्रंदिवस दिवे जळत ठेवतो. २० वॅटचा एक दिवा वर्षभर अखंड जळत राहिला, तर १७५ युनिटे खातो. आपल्या वर्गातील सर्व दिव्यांनी मिळून वर्षभरात २२० युनिटे खाल्ली होती, हे येथे आठवावे. म्हणजे चाळीस-पन्नास मुलांचे वर्षभराचे शिक्षण जवळजवळ जेवढ्या उजेडात झाले असते, तेवढी वीज एका विसरलेल्या दिव्याने गिळली. उत्तम मोटही रिकाम्या शेतात चालत राहिली, तर तिच्या उत्तमपणाला अर्थ नाही.

विद्यार्थ्यांनो, ही तपासणी तुम्हांलाही करता येण्यासारखी आहे. प्रकाशमापक नसला तरी चालेल. उद्या शाळेत गेल्यावर आपल्या वर्गातील दिवे मोजा आणि त्यांवरील वॅट लिहून घ्या. वर्गाची लांबी-रुंदी मोजून दर चौरस मीटरमागे किती वॅट पडतात, ते काढा. भिंतींचा रंग आणि दिव्यांवरील धूळ पाहा. कोणत्या बटणाने कोणते दिवे लागतात, याचा आराखडा काढा. मग एकच पुस्तक घेऊन प्रत्येक बाकावर बसून पाहा. कोणत्या बाकावर अक्षर वाचण्यासाठी पुस्तक डोळ्यांजवळ ओढावे लागते आणि कोणत्या बाकावर दिवा नसतानाही ते स्पष्ट दिसते, याची नोंद करा. ही नोंद गुरुजींना दाखवा. कदाचित दोन दिवे कमी करता येतील. कदाचित एका कोपऱ्यात एक दिवा वाढवावाही लागेल. दोन्ही गोष्टी काटकसरीच्याच आहेत.

उंबऱ्याशी सूप घेऊन बसणाऱ्या आजीला ल्यूमेन आणि लक्स हे शब्द ठाऊक नव्हते. परंतु उजेड कोठून येतो, तो कोठे हवा आहे आणि त्याला मोल किती पडते, हे तिला पक्के ठाऊक होते. आपल्यापाशी तिच्याहून पुष्कळ चांगले दिवे आहेत. तिचा तो हिशेबीपणा त्यांच्या जोडीला ठेवला, तर कोणत्याही मुलाला अंधुक कोपऱ्यात बसून अक्षरे चाचपडावी लागणार नाहीत.